टेलचं पहिलं पाणी

नळ कधी येणार, हा प्रश्न मला माझ्या स्वतःच्या लग्नात, स्टेजवर विचारला गेला आहे. विचारणारे वरपक्षाकडचे पाहुणे होते. आहेराचं पाकीट हातात देता देता म्हणाले, "आमच्याकडे आठ दिवसांपासून धारच नाही हो." मी हार सांभाळत त्यांचा पत्ता विचारून घेतला. आपलं लग्न एका बाईशी नसून एका खात्याशी लागलं आहे, हे माझ्या नवऱ्याला तेव्हाच कळलं असावं.

नागपूरच्या पाणीपुरवठ्यात मी एकतीस वर्षं काढली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. एका गृहस्थांनी नळातून मासा आल्याची तक्रार केली होती आणि पुरावा म्हणून तो फ्रिजमध्ये जपून ठेवला होता. आमचा माणूस पंचनाम्याला पोचेपर्यंत घरच्यांनी तो तळून खाल्ला. अशा गोष्टींवर दोन अंक भरतील. पण मी लिहायला बसले की हात एकाच उन्हाळ्याकडे जातो, म्हणून तोच सांगते.

लोकांना वाटतं पाणीटंचाई मे महिन्यात येते. आमच्याकडे ती ऑक्टोबरातच येते, कागदावर. पावसाळा संपला की पेंचच्या धरणात किती पाणी उरलं ते बघायचं आणि तेवढ्यात पुढच्या जुलैपर्यंतचा संसार बसवायचा. त्या पाण्याला वाटेकरी अनेक असतात. शहराला प्यायला हवं, वीजकेंद्राला हवं, रामटेककडच्या धानाला कालव्यातून हवं. शिवाय नागपुरात माणसांबरोबर कूलरही पाणी पितात, आणि एप्रिलपासून ते माणसांपेक्षा जास्त पितात. या सगळ्याची बेरीज आम्ही टंचाई आराखड्यात मांडायचो. पाणी कमी पडलं तर आधी नळाची वेळ कमी करायची, मग एक दिवसाआड पाणी द्यायचं, मग विहिरी उपसून टँकर लावायचे. सलग अकरा वर्षं हा आराखडा मी केला. माझा आराखडा दुसऱ्या शहरांतले अधिकारी मागून न्यायचे आणि मी तो देताना जरा भाव खायची, हेही कबूल करते.

या अभिमानाला घरचं खतपाणी होतं. माझ्या आजीला तिच्या गावात विहिरीला हात लावता येत नसे. वरून कोणी ओतेल तेव्हा ओंजळ भरायची. छप्पन्न साली तिने नागपुरात येऊन दीक्षा घेतली आणि पुन्हा त्या गावात पाऊल टाकलं नाही. मी या खात्यात इंजिनीयर म्हणून लागले तेव्हा बाबांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "आता शहराले पानी आमची पोरगी सोडते." मला लाज वाटली होती. बाबांना वाटत नव्हती.

पाणी प्रत्यक्षात मी सोडत नव्हते, शंकरभाऊ सोडायचे. ते आमचे चावीवाले. छातीएवढी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून ते पहाटे निघत. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. कोणत्या व्हॉल्व्हला किती फेरे, हे त्यांना पाठ होतं. नकाशा आमच्या कपाटात असे, पण जमिनीखाली खरोखर काय आहे ते त्यांच्या डोक्यात असे. गाव त्यांचं रामटेकजवळ, घरची धानाची शेती. कालव्याचं पाणी कमी झालं की मला म्हणत, "आमच्या धानाचं पानी तुमी शहराले पाजता मॅडम, आन् थे बी माह्याच हातानं." आणि हसत. मीही हसायची.

त्यांच्या फेरीचं शेवटचं ठिकाण होतं मनीषनगरच्या मागे, नाल्यापलीकडची वस्ती. ऑफिसात आम्ही तिला 'टेल' म्हणायचो, म्हणजे लाइनीचं शेवटचं टोक. वस्तीला नाव होतं, पण फायलीत ते कधी आलं नाही. टाकीतून निघालेलं पाणी आधी मनीषनगरात शिरायचं. तिथे घरोघरी जमिनीखाली टाक्या, त्यावर पंप. त्यांची तहान भागली की उरलेलं पाणी नाल्याखालून टेलला पोचायचं. मनीषनगरात तासभर नळ असले तर टेलला ते वीस मिनिटं चालायचे.

आणि हे वीस मिनिटांचं पाणी सुरुवातीला घाण असायचं. कारण सोपं आहे. नळ बंद असताना लाइन रिकामी होते. रिकामी नळी बाहेरचं ओढून घेते. कुठे जोड सैल असतो, कुठे नाल्याचं पाणी पाइपला लागून वाहत असतं, त्यात कोणी टिल्लू पंप लावून नळातून हवा ओढत असतो. मग पाणी सोडलं की आत शिरलेलं सगळं आधी बाहेर येतं. म्हणून वस्तीच्या अलीकडे, नाल्याच्या काठावर एक वॉशआउट, म्हणजे लाइन धुऊन काढायचा व्हॉल्व्ह, ठेवलेला होता. शंकरभाऊ आधी तो उघडायचे, पहिली पंधरा मिनिटं पाणी नाल्यात सोडून द्यायचे, ओंजळीत धरून वास घ्यायचे आणि मगच वस्तीची चावी फिरवायचे. ही पद्धत त्यांना त्यांच्या आधीच्या चावीवाल्याने शिकवली होती. माझ्या आराखड्यात तिच्यासाठी एकही ओळ नव्हती.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. धरण तळाला गेलं आणि मे महिन्यात आम्ही शहराला एक दिवसाआड पाणी देऊ लागलो. लोक चिडले, पण सांभाळून घेतलं. सगळं आराखड्याप्रमाणे चाललं होतं आणि मी आतून खूश होते.

मनीषनगरात वझलवारकाका राहत. निवृत्त प्राध्यापक. त्यांचा मला रोज सकाळी फोन यायचा. "बाई, पाच चाळीसचे नळ पाच त्रेपन्नला आले." दुसऱ्या दिवशी, "बाई, आज पाच एक्कावन्न. सुधारणा आहे." माणूस वाईट नव्हता. जूनच्या सुरुवातीला सकाळी फिरताना त्यांना नाल्यावर शंकरभाऊ दिसले. वॉशआउट उघडा, पाणी धो धो नाल्यात, आणि शंकरभाऊ शेजारच्या दगडावर तंबाखू मळत बसलेले. काकांनी फोटो काढला आणि वर्तमानपत्राला पाठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर होता: शहर तहानलेलं, पाणी नाल्यात.

साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मॅडम, असा फोटो पुन्हा यायला नको." वॉशआउट बंद करा, असं ते म्हणाले नाहीत. आमच्याकडे वरचा माणूस अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं खालच्याने आपल्या अकलेने पूर्ण करायचं असतं. मी ते पूर्ण केलं. मनात हिशेबही मांडला की पंधरा मिनिटांचं पाणी वाचतं, आणि ते टेललाच मिळेल. मला तो न्याय वाटला.

मी शंकरभाऊंना फोन लावला.

"उद्यापासून वॉशआउट करायचा नाही. सरळ वस्तीला सोडा."

"काहून मॅडम? दोन दिवस लाइन खाली राह्यते आता. पयलेपेक्षा जास्त घान येते."

"पाण्यात औषध आहे शंकरभाऊ. टाकीवर क्लोरिन वाढवलंय."

"औषध टाकीवर हाय. घान नाल्यापाशी शिरते."

"मी सांगतेय ना?"

मग म्हणाले, "मंग लेखी देऊन द्या ना मॅडम."

"फोनवर सांगितलेलं पुरत नाही का?"

"पुरते. तरी लेखी देऊन द्या."

तिसऱ्यांदा त्यांनी लेखी मागितलं तेव्हा मी चिडले. वीस वर्षं माझ्या हाताखाली काम करणारा माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नाही, हे मला झोंबलं. "तुमचा माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांगा," असं मी म्हणाले. "तसं नाही मॅडम," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चार दिवसांनी टेलमधून सुमनबाईंचा फोन आला. त्या वस्तीतल्या शेवटच्या घरात राहायच्या, म्हणजे टेलचंही टोक. मनीषनगरात दोन घरी स्वयंपाक करायच्या. पाण्याच्या भांडणांत त्यांची ओळख झाली होती आणि नंतर निघालं की आमच्या आज्या एकाच तालुक्यातल्या. "मॅडम, नळ धा-पंधरा मिनिटं जास्त चालून राह्यले," त्या म्हणाल्या. "चार गुंड जास्त भरते. माही वैशाली आली ना बाळंतपनाले, सक्करदऱ्याहून. पानी पुरत नव्हतं. तुमचं भलं होवो." गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर. वैशाली त्यांची एकुलती मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात सासरहून आली होती. त्या दिवशी मला घरी जेवण गोड लागलं, हे मला अजून आठवतं.

जून संपता संपता त्या स्वतः ऑफिसात आल्या. पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. पाणी पिवळसर होतं, तळाशी काळा गाळ.

"पयल्या गुंडातलं हाय मॅडम. वास येते."

"पहिला गुंड फेकून देत जा सुमनबाई."

"फेकू? एक दिवसाआड नळ, थे बी अर्धा घंटा, आन् त्यातलं मी फेकू?"

मी लगेच नमुना तपासायला माणूस पाठवला. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नमुना घेताना नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा आणि मग बाटली भरायची, असा नियम आहे. आमच्या माणसाने नियम पाळला. रिपोर्ट आला: पिण्यायोग्य. तो मी सुमनबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी "बरं" म्हटलं. आम्ही तपासलेलं पाणी आणि त्यांनी प्यायलेलं पाणी एकाच नळाचं असूनही एक नव्हतं, हे माझ्यासारख्या इंजिनीयरला कळायला हवं होतं. कळलंही होतं, असं आता वाटतं. पण रिपोर्ट हातात असला की डोळ्यांना सुट्टी देता येते.

जुलैच्या शेवटी पाऊस आला. पेंच भरू लागलं. एक दिवसाआड बंद झालं, वॉशआउट शंकरभाऊंनी कोणाला न विचारता पुन्हा सुरू केला. शहराने मोठा श्वास घेतला आणि ऑगस्टात टंचाईचं उत्तम नियोजन केल्याबद्दल माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मीही बोलले. नियोजनात शेवटच्या माणसाचा विचार आधी करावा लागतो, असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं.

त्याच आठवड्यात टेलमध्ये कावीळ निघाली. दूषित पाण्याने होणारी ही कावीळ लगेच दिसत नाही, महिना-दीड महिना अंगात दबा धरून बसते. धडधाकट माणूस पंधरा-वीस दिवस आजारी पडून बहुतेक उठतो. गरोदर बाईला मात्र ती फार वाईट असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एकतीस वर्षं मी लोकांना पाणी पाजलं आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मीही कोणाला विचारलं नव्हतं. वैशालीचे डोळे सोमवारी पिवळे झाले. गुरुवारी सरकारी दवाखान्यात ती वारली. बाळही वाचलं नाही.

बातमी मला शंकरभाऊंनी दिली. ऑफिसच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, सुमनबाईची पोरगी गेली."

चौकशी झटपट झाली. शंकरभाऊंची नोंदवही मागवली गेली. त्यात पाणी सोडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ आणि वॉशआउट, असे रकाने होते. दुसरा कोणी असता तर त्याने ठोकून 'केला' असं लिहिलं असतं. शंकरभाऊंनी त्या सगळ्या दिवसांपुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'वॉशआउट नाही.' का नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडमनं फोनवर सांगतलं."

मग मला विचारलं गेलं, अशी सूचना तुम्ही दिली होती का?

मी म्हणाले, "अशी कोणतीही लेखी सूचना मी दिलेली नाही."

वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण तो त्यांनाही नको होता. शंकरभाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझी बढती तोंडावर होती, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं कारण याहून साधं होतं. मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी छापून आलं की चावीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे वस्तीला दूषित पाणी मिळालं. शंकरभाऊंच्या सेवापुस्तकात ताशेरा पडला आणि त्यांना फेरीवरून काढून भांडारात बसवलं. चावी माझ्या ऑफिसात जमा करताना ते एवढंच म्हणाले, "नव्या मानसाले सांगजा मॅडम, टेलचं वॉशआउट पयले करा लागते." मी पोच लिहून दिली. ती मात्र लेखी दिली.

आमच्या समाजात माणूस गेल्यावर जलदान विधी असतो. वैशालीच्या जलदानाला मी गेले. न जाणं जमलं नसतं. सुमनबाईंनी मला पुढे चटईवर बसवलं. भंतेजींचं वंदन झालं, चहा आला. अधिकारी आपल्या घरी आली, याचं वस्तीला अप्रूप होतं आणि मला ते सहन होत नव्हतं. तेवढ्यात दारात शंकरभाऊ दिसले. पांढरा सदरा, हातात फुलं. इतकी वर्षं फेरीवर आले की ते याच घरी पाणी पीत, चहा घेत. वैशालीला लहानपणी त्यांनी चावीच्या दांड्याला लोंबकळू दिलं होतं.

सुमनबाई उठल्या. आवाज चढवला नाही.

"तू कायले आला गा शंकर? माह्या पोरीले खाल्लं न् फुलं घेऊन येते? जाय. या दारात पुन्हा दिसू नको."

आजवर त्यांना भाऊ म्हणणारी बाई त्यांना अरेतुरे करत होती. शंकरभाऊंनी एकदा खोलीत पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. मी चटईवरून उठून चार शब्द बोलले असते तर त्या माणसाला हे घर परत मिळालं असतं. माझ्या हातात कप होता. शंकरभाऊंनी फुलं उंबऱ्याबाहेर ठेवली आणि ते गेले. सुमनबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी तरी आल्या मॅडम." मी चहा प्यायले.

शंकरभाऊ दोन वर्षांनी निवृत्त होऊन गावी गेले. मला बढती मिळाली. पुढच्या प्रत्येक आराखड्यात मी वॉशआउटसाठी वेगळं पाणी धरलं आणि नमुना पहिल्या धारेचा घ्यायचा, हेही लिहिलं. लेखी. लोक म्हणायचे, मॅडम फार बारकाईने काम करतात. गेल्या हिवाळ्यात शंकरभाऊ गेले. मला आठ दिवसांनी कळलं. रामटेकच्या रस्त्याने त्यांच्या घरी गेले, तर त्यांची बायको म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव लय घ्याचे. म्हनत, आमच्या मॅडमसारखा आराखडा कोनी नाही बनवत." मी त्यांच्या अंगणात उभी राहून रडले. त्यांना वाटलं, साहेब लोकांनाही माया असते.

म्हणून हे लिहायला घेतलं. जूनमधल्या त्या दिवशी टेलचा वॉशआउट बंद करण्याची सूचना मी दिली होती. चावीवाल्याने विरोध केला होता आणि तीनदा लेखी मागितलं होतं. त्याचा काही दोष नव्हता.

इथवर लिहून झाल्यावर कागद अंकाकडे पाठवण्याआधी मी सुमनबाईंकडे गेले. त्या आता थकल्या आहेत, स्वयंपाकाची कामं सोडली आहेत. घर तेच आहे, शेवटचं. मी सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं, मासा तळून खाल्ल्याची गंमतसुद्धा. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मधे कुठेही त्यांनी मला थांबवलं नाही.

"शंकरभाऊले हे सारं मालूम होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तरी थो त्या दिवशी दारात काहीच नाही बोलला?"

"नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मंग मॅडम, तुमी माह्या घरचा चहा कशा पेल्या त्या दिवशी?"

मी पेन काढलं आणि त्यांचा प्रश्न या कागदांच्या शेवटी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला. लेखी.